भीमाकाठच्या बाभळी आणि डॉक्टर गिब्सन

स्मरणिकेसाठी एका दिवंगत, नामवंत माणसाचं चरित्र लिहून द्या, शक्यतो आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध असावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. नावं पुष्कळ सुचली. त्याच आठवड्यात आपल्या बॅचच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. मेळाव्याची आठवण म्हणून गावाबाहेरच्या माळावर सगळ्यांनी मिळून झाडं लावायची, असं त्यात ठरलं होतं. ते वाचलं आणि माझं नाव पक्कं झालं : डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन, मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक.

शिरूरकरांना कर्नल वॉलेस यांची समाधी नव्याने सांगायला नको. १८०९ साली वारलेल्या या लष्करी साहेबाला गावाने सत्पुरुष मानलं आणि सुगीत पहिल्या धान्याचा नैवेद्यही दाखवला. शंभर वर्षांहून जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. गिब्सन यांच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्यांचा पुतळा नाही, रस्त्याला नाव नाही, आपल्या इतिहासाच्या पुस्तकात एक ओळही नव्हती. पण आपल्या गावांच्या शिवेवर वनखात्याचा जो दगड दिसतो आणि सात-बाऱ्यावर महाराष्ट्र शासन, वन अशी जी नोंद सापडते, तिची सुरुवात शोधत गेलं की आपण या डॉक्टरपाशी येऊन थांबतो.

गिब्सन यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८०० चा, स्कॉटलंडमधल्या किनकार्डिनशायर परगण्यातला. वैद्यकाचं शिक्षण त्यांनी एडिंबरोला घेतलं. त्या काळी औषधं बहुतेक झाडपाल्याची असत, त्यामुळे वनस्पतिशास्त्र हा वैद्यकाच्या अभ्यासाचाच भाग होता. मुळी, साल, पान, बी ओळखता आलं नाही तर डॉक्टरकी कशी करणार? म्हणूनच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आलेले कितीतरी सर्जन पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. मद्रासकडचे क्लेगहॉर्न डॉक्टरच होते आणि आपल्याकडचे गिब्सनही डॉक्टरच.

हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी आधी कंपनीच्या सागरी दलाकडे काम केलं. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा काळ त्यानंतरचा. दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचं काम त्यांच्याकडे आलं. देवीच्या साथीत गावंच्या गावं उजाड होत, आणि परक्या माणसाच्या हातून आपल्या लेकराच्या दंडावर चिरा मारून घ्यायला कुठलीही आई सहजासहजी तयार होत नसे. या कामाला घोड्यावरची भटकंती लागे, पाटलाच्या ओसरीवर बसावं लागे आणि माणसांशी त्यांच्या भाषेत बोलावं लागे. गिब्सन मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी शिकले. पुढे जंगलखात्याचा कारभार करताना त्यांना कामी आली ती हीच वर्षं. कुठल्या गावचं पाणी कधी आटतं, सरपण कुठून येतं, गुरं कुठे चरतात, हे त्यांनी कागदावर वाचण्याआधी पायाखाली घातलं होतं.

१८३८ साली त्यांची नेमणूक दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक म्हणून झाली. इंग्रजी कागदांत या जागेचं नाव दापुरी असं येतं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या पलटणीचे कॅप्टन फोर्ड यांनी मुळा-पवनेच्या त्या परिसरात बंगला बांधला होता. खडकीच्या लढाईनंतर पेशवाई गेली. पुढे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी तो बंगला सरकारसाठी घेतला आणि १८२८ साली तिथे बाग उभी केली. बाग म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर फुलांचे ताटवे आणि कारंजी येतात. दापोडीची बाग तशी नव्हती. उसाची आणि कापसाची परदेशी वाणं तिथे लावून बघत, जगली तर रोपं आणि बी जिल्ह्याजिल्ह्यांत वाटत. आजच्या भाषेत ते एक कृषी संशोधन केंद्र होतं.

गिब्सन यांनी या बागेला जोडून दुसरी बाग जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला केली, खास औषधी वनस्पतींसाठी. खुरासनी ओवा, सोनामुखी अशा वनस्पती तिथे वाढवून त्यांचे अर्क सरकारी दवाखान्यांना पुरवले जात. विलायतेहून औषधं मागवायची तर बोटीने महिनोन्‌महिने लागत, किंमत भारी पडे आणि पुष्कळदा माल येईपर्यंत खराब झालेला असे. जुन्नरच्या हवेत तीच औषधं पिकू लागल्यावर कंपनीचा पैसा वाचला आणि रोग्यांना ताजं औषध मिळालं. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी असा उद्योग चालला होता, हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

बागेचा अधीक्षक जंगलाकडे वळला कसा, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

झाडं राखावीत ही कल्पना इंग्रजांनी इथे आणली, असा समज आहे. तो खरा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी कोणती झाडं घ्यावीत आणि आंबा-फणसासारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडं मालकाच्या राजीखुशीशिवाय का तोडू नयेत, याची समज दिलेली आहे. कोकणच्या किनाऱ्याला आंग्र्यांनी गलबतांसाठी सागवान राखलं होतं. कंपनीलाही सागवानाचीच हाव होती. इंग्लंडमधलं ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी जहाजं बांधत होते. १८१७ साली तिथून पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली नावाचं जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगतं आहे, यावरून त्या लाकडाचा कस कळावा. मलबारचं सागवान ताब्यात ठेवायला कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमलं. त्यांनी सक्ती इतकी केली की व्यापारी आणि रयत दोघंही वैतागले, आणि १८२३ साली ते पदच रद्द झालं.

मग लंबक उलट दिशेने गेला. रत्नागिरीकडे १८२० च्या दशकाच्या शेवटी सागवानावरचा सरकारी हक्क सोडून देण्यात आला. झाड लोकांचं झालं की लोक ते राखतील, असा त्यामागचा हिशेब होता. झालं भलतंच. हा हक्क पुन्हा काढून घेतील या धास्तीने ज्याला जमेल तसं त्याने तोडून विकलं. मुंबई शहर वाढत होतं, सरपणाला आणि इमारती लाकडाला गिऱ्हाईक दारात उभं होतं, खाडीत गलबत लावलं की माल बंदरात पोचत होता. काही वर्षांत डोंगर बोडके झाले. १८४० साली आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं आणि त्यांनी राखलेल्या जंगलांनाही कुणी वाली उरला नाही.

दापोडीहून कोकणात आणि घाटमाथ्यावर वनस्पती गोळा करायला जाणारे गिब्सन हे सगळं वर्षानुवर्षं बघत होते. त्यांच्या नजरेला फक्त झाडांची कमी दिसली असती तर ते एक हळहळणारे बागवान म्हणून राहिले असते. त्यांना झाडं गेल्यानंतरची साखळी दिसली. उतारावरची माती पावसाने धुपली, ती खाड्यांत जाऊन बसली, जिथे पूर्वी गलबतं येत तिथे गाळ साचला. डोंगरातले झरे उन्हाळ्याआधीच आटू लागले. पाण्यावाचून वाड्या उठू लागल्या. पुढे जाऊन पाऊसही कमी होईल, अशी भीती त्यांनी घातली. १८४० च्या दशकाच्या आरंभापासून ते विलायतेतल्या शास्त्रज्ञांना आणि मुंबई सरकारला हे लिहीत होते, आणि १८४६ च्या अहवालात त्यांनी कोकणातल्या जंगलतोडीचे परिणाम सविस्तर मांडले.

त्यांच्या मांडणीचं वेगळेपण नीट बघण्यासारखं आहे. तोवर सरकारदरबारी जंगलाची किंमत लाकडाच्या दराने होत होती. गिब्सन यांनी जंगलाला पाण्याच्या आणि मातीच्या खात्यात टाकलं. तोडलेल्या झाडाचे पैसे एकदाच येतात, उभ्या जंगलाने धरून ठेवलेलं पाणी दरसाल येतं, आणि शेतसारा त्या पाण्यावर उभा असतो. महसूल हा कंपनीचा देव होता. त्या देवाच्या भाषेत बोलल्याखेरीज आपलं ऐकलं जाणार नाही, हे या डॉक्टरला बरोबर कळलं होतं.

१८४७ साली मुंबई इलाख्यासाठी वनसंरक्षकाचं पद निर्माण झालं आणि त्यावर गिब्सन यांची नेमणूक झाली. हिंदुस्थानातल्या नियमित वनखात्याची ही पहिली पायरी मानतात. मद्रासला क्लेगहॉर्न यांची नेमणूक व्हायला त्यानंतर नऊ वर्षं जावी लागली, आणि सगळ्या देशासाठी ब्रँडिस यांच्या हाताखाली एक खातं उभं राहायला सतरा वर्षं. दापोडीची बागही गिब्सन यांच्याकडेच राहिली. एका माणसाच्या अंगावर गुजरात, खानदेश, कोकण, सह्याद्री आणि देशावरचे जिल्हे! डांगची सागवानी जंगलंही काही वर्षांपूर्वीच कंपनीने भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली होती. हाताखाली माणसं मोजकी, वाहन घोडं. पुढची तेरा वर्षं त्यांनी हे सांभाळलं.

काम काय होतं? कोणती जंगलं सरकारने राखायची ते ठरवणं, तोडीसाठी परवाने देणं, ठेकेदारांच्या तोडीवर आणि वाहतुकीवर नजर ठेवणं, नवी लागवड करणं आणि दरसाल सरकारला अहवाल देणं. अडचणीही सरकारी नोकरांना आजही परिचित वाटाव्यात अशाच होत्या. कलेक्टरला लागवडीखालची जमीन वाढवायची होती, कारण सारा त्यातून येणार. बांधकाम खात्याला लाकूड स्वस्त हवं होतं. आरमाराला चांगलं हवं होतं. रयतेला सरपण, नांगर आणि घराचे वासे हवे होते. या सगळ्यांच्या मध्ये जंगलाच्या बाजूने बोलणारा माणूस एकच, आणि त्याचंही खातं स्वतःचा खर्च भागवतं की नाही यावर तोललं जात होतं.

या बाजूला एक सल आहे, तोही सांगायला हवा. डोंगरात झाडं तोडून, राब जाळून दोन-तीन वर्षं नाचणी-वरी काढायची आणि मग पुढे सरकायचं, अशी शेती डोंगरातले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत. कुमरी म्हणून ती ओळखली जाई. त्या काळच्या जवळजवळ सगळ्या वनाधिकाऱ्यांप्रमाणे गिब्सन यांनाही ती जंगलाची वैरी वाटे. मुंबईच्या बाजारासाठी ठेकेदाराने केलेली तोड आणि पोटासाठी ठाकर-कातकऱ्याने केलेली तोड यांत मूळ फरक आहे. हा फरक त्या पिढीच्या कागदांत पुरेसा उमटला नाही. रोगाचं निदान अचूक, पण पथ्य मात्र ज्याच्या घरात आधीच खायला नाही त्याला सांगितलं गेलं.

आता आपल्या मुलखाकडे येते. शिरूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, म्हणजे आजचं दौंड आणि आसपास, हा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला भाग. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे सागवान नाही, घनदाट रान नाही. माळावर कुसळी आणि पवन्या गवत, ओढ्याकाठी करंज आणि कडुनिंब, आणि घोड, भीमा, मुळा-मुठेच्या काठच्या गाळात बाभूळबनं. या गवतावर भीमथडीची तट्टं पोसली, ज्यांच्या पाठीवर मराठ्यांचे घोडदळ दिल्लीपर्यंत जाऊन आलं.

१८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वनांचे प्रकार सांगताना डोंगरातल्या राखीव जंगलांबरोबर नदीकाठच्या या बाभळींच्या राखीव जागांची वेगळी नोंद आहे. बाभळीला आपण काटेरी म्हणून नाकं मुरडली, पण आपल्या आजोबांचा संसार तिच्यावर उभा होता. नांगर बाभळीचा, गाडीचं चाक आणि आस बाभळीचा, सालीने कातडं कमावायचं, शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीला, काडी दाताला, काटे कुंपणाला आणि उरलं ते चुलीला. तोफांच्या गाड्यांनाही हेच लाकूड चाले, म्हणून तर ते सरकारच्या नजरेत भरलं. १८५० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेचे रूळ पुण्याहून दौंडच्या मुलखातून सोलापूरकडे सरकले. रुळांखाली स्लीपर लाकडाचे, इंजिनाच्या पोटात सरपण, विटांच्या भट्ट्यांना सरपण. १८७८ साली दौंड-मनमाड फाटा झाला आणि दौंड जंक्शन बनलं. दौंडच्या आपल्या मित्रांना रेल्वेचा रास्त अभिमान आहे, आणि तो असावाच. रेल्वेने आणलेलं आपल्याला रोज दिसतं, तिने नेलेल्या झाडांचा हिशेब कुठल्या फलाटावर लिहिलेला नाही, एवढंच.

गिब्सन यांचं लेखन मुंबईपुरतं राहिलं नाही. १८५० साली एडिंबरोला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीचे परिणाम तपासायला समिती नेमली गेली, क्लेगहॉर्न तिचे एक सदस्य होते. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला, त्यात गिब्सन यांच्या निरीक्षणांचा आधार घेतला होता. जंगल आणि हवामान यांच्या नात्याची जी चर्चा आज आपण दूरदर्शनवर ऐकतो, तिच्या पहिल्या साक्षीदारांत दापोडीचा हा डॉक्टर बसतो.

खात्याच्या धकाधकीतही त्यांचं मूळचं वनस्पतींचं वेड सुटलं नाही. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी दापोडीच्या बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची रंगीत चित्रं एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास असलेली ही चित्रं एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. पानाच्या शिरा न शिरा टिपणारा तो माणूस अनामिकच राहिला, जसे गिब्सन यांना डोंगरवाटा दाखवणारे, झाडांची नावं सांगणारे आपले लोक अनामिक राहिले. १८६१ साली निकोल डॅल्झेल आणि गिब्सन यांचं बॉम्बे फ्लोरा हे पुस्तक प्रसिद्ध झालं. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा हा पाया घालणारा ग्रंथ. पुढे थिओडोर कुक यांच्यापासून आजच्या संशोधकांपर्यंत सगळ्यांना तो चाळावा लागला.

१८६० साली गिब्सन निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतले. त्यांच्या जागी डॅल्झेल आले. १६ जानेवारी १८६७ रोजी गिब्सन यांचं निधन झालं. आयुष्याची उमेदीची सगळी वर्षं त्यांनी इथे घालवली होती. दापोडीची बागही त्यांच्यानंतर फार काळ टिकली नाही. गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत हलला आणि पुढे तिथे नवी बाग झाली.

माणूस गेला, पण त्याने सुरू केलेली व्यवस्था वाढत राहिली. मी ज्या धंद्यात आहे तिथे हे रोज दिसतं. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी एका गरजेपोटी चार ओळींचा नियम लिहितो, तो माणूस कधीच निघून जातो, नियम मात्र चालत राहतो, आणि मूळ गरज कोणती होती हे विसरलेली माणसं त्यावर मजले चढवत जातात. १८६५ साली पहिला वन कायदा आला, १८७८ साली दुसरा, अधिक कडक. राखीव वन म्हणून रेघ ओढली की आतलं गवत, सरपण, मध, डिंक सगळं सरकारचं. गावकऱ्याचा पिढीजात हक्क ही सरकारने दिलेली सवलत ठरली.

तो काळ आपल्या भागासाठी कसा होता? मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळून दख्खनचे दंगे सुरू झाले आणि शिरूरपर्यंत पसरले. १८७६ ते १८७८ मोठा दुष्काळ पडला. शेतकरी कर्जात, जनावरं चाऱ्याविना, आणि त्याच सुमारास गायरानांवर आणि माळांवर जंगलखात्याच्या रेघा पडू लागल्या. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या शेतकऱ्याचा असूडमध्ये या खात्यावर केलेली टीका याच पार्श्वभूमीवरची आहे. डोंगर, दऱ्या आणि गावची गायरानं सरकारी जंगलात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याची दोन-चार गुरं आणि शेळ्या चारायची सोय गेली, हे दुखणं त्यांनी नेमकं पकडलं. ठाणे-कुलाब्याकडे असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला वन आयोग नेमावा लागला.

मला हे दोघंही पटतात, हीच माझी अडचण आहे. गिब्सन म्हणाले तसं डोंगर बोडका झाला की झरा आटतो, हे खरं. फुले म्हणाले तसं राखण्याचा भार नेहमी शेळीवाल्यावरच पडतो, हेही खरं. गिब्सन यांच्या वाट्याला फुल्यांसारखा टीकाकार त्यांच्या हयातीत आला असता, तर आपल्या वनखात्याची घडी कदाचित वेगळी बसली असती. आज वन हक्क कायदा २००६ चा, आणि मूळ वन कायदा १९२७ चा, अजून चालू. दोघांचं भांडण संपलेलं नाही.

गिब्सन यांचा एक अंदाज मात्र आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. झाडं वाढली की पाऊस वाढतो, इतका सरळ हिशेब नसतो, हे आता कळलं आहे. मोठमोठ्या अरण्यांचा पावसावर परिणाम होतो, पण माळावर पाचशे झाडं लावल्याने ढग थांबत नाहीत. माती, धूप, गाळ आणि झरे यांबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र दीडशे वर्षांनंतरही पक्कं आहे.

आणि इथेच माळाचा प्रश्न येतो. नववीत असताना आपण गावाबाहेरच्या माळावर खड्डे खणायला गेलो होतो, आठवतं? रोपं ट्रॅक्टरमधून आली होती, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया. सरांनी प्रत्येकाला एकेक रोप वाटून दिलं, पाणी आपण डब्याच्या बाटल्यांनी घातलं. घरी येऊन आपण फुशारक्या मारल्या. त्या माळावर तेव्हा कंबरेएवढं गवत होतं, आणि संध्याकाळी परतताना लांबवर दोन चिंकारा उभे होते. आपल्याला वाटत होतं की ही पडीक जागा आहे आणि आपण तिचं भलं करतो आहोत.

गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, हा गैरसमजही त्या जुन्या वनखात्याच्या वारशातून आला. सारा देत नाही आणि लाकूडही देत नाही, तर ती जमीन कशाची? पण माळ हे एक पूर्ण नांदतं घर आहे. तिथे चिंकारा, लांडगा, खोकड, माळटिटवी, चंडोल राहतात, आणि धनगरांच्या मेंढ्याही. त्यांतल्या कुणालाच दाट झाडी नको आहे. सुप्याला, ज्या गावात १८७५ चा वणवा पेटला, तिथेच १९९७ साली चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं. अवघं पाच चौरस किलोमीटरचं, पण गवत राखलं तर काय टिकतं याचा तो जिवंत पुरावा. उलट शिरूरच्या उत्तर-पश्चिमेला कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याने घर केलं. संध्याकाळी पोरांना एकटं अंगणात सोडताना आज किती आयांच्या काळजात धस्स होतं, हे तिकडच्या मैत्रिणींना विचारा. जमिनीवर काय उगवायचं हे आपण ठरवतो, पण त्यात कोण येऊन राहील हे आपल्या हातात राहत नाही.

म्हणून गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना हात जोडून एक विनंती. मेळाव्याला झाडं जरूर लावू या. शाळेच्या आवारात कडुनिंब आणि चिंच लावू, ओढ्याच्या काठाला बाभूळ आणि करंज लावू, म्हणजे माती धरून राहील, शेळ्यांना शेंगा मिळतील आणि डॉक्टर गिब्सन यांचाही आत्मा शांत होईल. माळ मात्र गवतालाच ठेवू. लावण्याच्या खर्चातून त्याच्या कडेने जाळपट्टा काढून घेऊ, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आत शिरणार नाही, आणि मेंढरं कधी आणायची, कधी नाही, हे तिथल्या धनगर कुटुंबांशी बसून ठरवू. गिब्सन यांच्याकडून घ्यायची ती नजर एवढीच घ्यावी : जमिनीकडे बघताना आधी चालत जावं, तिथल्या माणसांच्या भाषेत विचारावं, पाणी कुठे जातं ते बघावं, आणि मगच कुदळ हातात घ्यावी.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी माळावर जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर शाळेच्या फाटकापाशी भेटू. पायात बूट घाला, कुसळं फार टोचतात.